खेळण्यातला ट्रॅक्टर, शेतातला ट्रॅक्टर



पीकपाणी, फवारणी, बाजारभाव हे आपण इथं नेहमी बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतलाय. छोट्या ट्रॅक्टरचा, म्हणजे मापात बनवलेल्या मॉडेलचा. वाचून कुणी म्हणेल, हे पोराटोरांचं काम. तसं नाही. इंग्लंड-अमेरिकेत मोठी माणसं, आणि त्यात शेतकरी बरेच, दुकानातून छोटा ट्रॅक्टर विकत आणतात. घरी आणून तो खोलतात, कापतात, नवे भाग हातानं बनवून जोडतात, रंग देतात. शेवटी तो त्यांच्या शेतात जसा ट्रॅक्टर होता तसा हुबेहूब करून कपाटात ठेवतात.

हे इथं का सांगतोय, ते आधीच सांगतो. कंपनीनं काढलेलं मॉडेल तो ट्रॅक्टर विकला कसा गेला ते दाखवतं. शेतकऱ्यानं कापून-जोडून केलेलं मॉडेल तो ट्रॅक्टर वापरला कसा गेला ते दाखवतं. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि दुसरी गोष्ट आपल्याकडं कुणीच जपून ठेवत नाही.

आधी माप समजून घेऊ

या छंदात तीन मापं जास्त चालतात. अमेरिकेत एकास सोळा (१/१६), ब्रिटन आणि युरोपात एकास बत्तीस (१/३२), आणि अख्खं शेत, गोठा, कोठार मांडायचं असेल तर एकास चौसष्ट (१/६४). खऱ्या ट्रॅक्टरची एक फूट लांबी पहिल्या मापात पाऊण इंच होते, दुसऱ्यात तीन अष्टमांश आणि तिसऱ्यात तीन षोडशांश इंच. ३.२ मीटर लांबीचा ट्रॅक्टर धरला तर तो अनुक्रमे २० सेंटीमीटर, १० सेंटीमीटर आणि ५ सेंटीमीटर भरतो.

लांबी सोळापट कमी झाली म्हणून वजन सोळापट कमी होत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सोळापट कमी होतात, म्हणजे वजन ४०९६ पट कमी. दोन टनांचा ट्रॅक्टर एकास सोळा मापात अगदी तंतोतंत केला तर अर्धा किलोच्या आत बसेल. एकास बत्तीसमध्ये तोच साधारण ६० ग्रॅमचा होईल.

सुरुवात कुठून झाली

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या फ्रीपोर्ट गावी आर्केड नावाची कंपनी होती. १९२० च्या दशकात ती बिडाची ओतीव खेळणी करायची. त्यात फोर्डसन ट्रॅक्टर होता, मॅककॉर्मिक-डीअरिंग होता. त्या काळात खरा ट्रॅक्टर शेतात नुकताच येत होता, आणि घरात पोराच्या हातात त्याचं बिडाचं पिल्लू येत होतं.

इंग्लंडमध्ये ब्रिटन्स नावाची कंपनी शिशाचे सैनिक बनवायची. पहिलं महायुद्ध संपलं. चार वर्षं लोकांनी घरची माणसं गमावली होती, सैनिकांच्या खेळण्याला पहिल्यासारखं गिऱ्हाईक राहिलं नाही. मग कंपनीनं १९२१ मध्ये शेतीची खेळणी काढली. गाई, मेंढ्या, घोडे, गाड्या, शेतकरी, शेतकरीण. पुढं १९४८ मध्ये त्यांनी फोर्डसन मेजर ट्रॅक्टर काढला, एकास बत्तीस मापात. ब्रिटनमध्ये आजही शेतीच्या मॉडेलांचं हेच मुख्य माप आहे.

तिसरी गोष्ट फर्ग्युसनची. तीन-पॉइंट लिंकेज आज आपण रोज वापरतो, ते ज्यानं घरोघरी पोचवलं तो करड्या रंगाचा फर्ग्युसन टीई-२०. इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत तो पाच लाखांहून जास्त निघाला. त्याच्या विक्री करणाऱ्या माणसांना गिऱ्हाइकापुढं ठेवायला एक छोटं मॉडेल हवं होतं. ते काम एअरफिक्स या प्लॅस्टिकच्या कंपनीकडं गेलं. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन माणसानं १९३९ मध्ये ही कंपनी काढली होती. पहिल्यांदा मॉडेल हातानं जोडून द्यायचे. पुढं खर्च कमी व्हावा म्हणून सुटे भागच वूलवर्थच्या दुकानांत विकायला ठेवले, घरी न्या आणि तुम्हीच जोडा. एअरफिक्स पुढं विमानं आणि जहाजांच्या किटसाठी जगभर गाजली, पण तिच्या किटची सुरुवात झाली ती ट्रॅक्टरपासून.

चौथी गोष्ट अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली. डुब्यूक गावात फ्रेड अर्टल हे फाउंड्रीत साचे करणारे कारागीर होते. १९४५ मध्ये संपामुळं त्यांचं काम थांबलं. घरात बसून काय करायचं? युद्धानंतर विमानांचे ॲल्युमिनियमचे पिस्टन भंगारात स्वस्त मिळत होते. ते घरच्या तळघरातल्या भट्टीत वितळवून त्यांनी वाळूच्या साच्यात छोटे ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली. घरच्यांनी हात लावला. धंदा वाढला, आणि १९५९ मध्ये कारखाना जवळच्या डायर्सव्हिल गावात गेला. जॉन डीअर, इंटरनॅशनल हार्वेस्टर अशा कंपन्यांच्या परवानगीनं त्यांच्याच रंगात ही मॉडेलं निघायची आणि खऱ्या ट्रॅक्टरच्या डीलरकडं काउंटरवर विकायला असायची. बाप स्पेअर पार्ट घ्यायला गेला की पोरगं काचेला नाक लावून उभं.

यातलं एक ध्यानात घ्या. फर्ग्युसनचं मॉडेल असो नाहीतर अर्टलचं, त्याचा पाया ट्रॅक्टरच्या विक्रीत होता. म्हणून त्यात दिसतो तो शोरूममधून नुकता बाहेर आलेला ट्रॅक्टर. चकचकीत, सगळे पार्ट कंपनीचे, टायरला मातीचा कण नाही.

पण शेतात गोष्ट वेगळी होती

खरा ट्रॅक्टर शेतात आला की दुसऱ्या हंगामापर्यंतही कंपनीचा राहत नाही. हे आपल्याला सांगायला नको. कुठं वजन लावतो, कुठं पत्रा कापतो, कुठं हूक बदलतो.

इंग्लंडमधलं याचं सगळ्यात नावाजलेलं उदाहरण एसेक्स भागातलं आहे. तिथली जमीन भारी, चिकणमातीची. नांगरटीला ताकद लागायची आणि तेवढा मोठा चाकी ट्रॅक्टर त्या वेळी तिथं मिळत नव्हता. १९५० च्या दशकात जॉर्ज प्रायर या शेतकऱ्यानं डोकं चालवलं. दोन फोर्डसन ट्रॅक्टर घेतले. दोघांचीही पुढची चाकं काढून टाकली. एकामागं एक उभे करून मध्ये फिरणारा सांधा बसवला. वळवायचं काम हायड्रॉलिक जॅकवर दिलं. ड्रायव्हर मागच्या ट्रॅक्टरवर बसणार, पुढच्याचे कंट्रोल त्याच्यापर्यंत आणलेले. चार मोठी चाकं, चारही ओढणारी, दोन इंजिनं मिळून शंभर एचपीच्या घरात ताकद.

त्याच भागातल्या अर्नेस्ट डो अँड सन्स या डीलरनं हे यंत्र पाहिलं आणि १९५८ पासून स्वतः बनवून विकायला घेतलं. डो ड्युअल ड्राइव्ह, म्हणून नाव पडलं ट्रिपल-डी. एका शेतकऱ्याच्या खळ्यातला जुगाड गिऱ्हाइकाला बिल फाडून विकला जायला लागला.

असे बदल करणाऱ्या कंपन्याच तिथं उभ्या राहिल्या. हॅम्पशायरमधल्या फ्लीट गावची काउंटी कंपनी फोर्डसनचा सांगाडा घेऊन त्याला चारही सारखी मोठी चाकं लावायची. लंडनजवळच्या हाउन्स्लोची रोडलेस कंपनी पुढच्या चाकांनाही ओढ द्यायची. अमेरिकेत शेतकरी बाहेरच्या कंपन्यांच्या केबिन बसवायचे, जोडचाकं लावायचे, पेट्रोलचं इंजिन गॅसवर करून घ्यायचे.

आता खेळण्यांच्या कारखान्याची अडचण बघा. जस्ताच्या मिश्रधातूचं मॉडेल करायला पोलादी साचा लागतो आणि तो फार महाग. हजारो नग खपणार असतील तरच तो परवडतो. त्यामुळं कारखाना कंपनीचा खपाऊ ट्रॅक्टर तेवढा करणार. गावात एकाच घरी असलेला, वेल्डिंग करून बदललेला ट्रॅक्टर तो का करील? ज्याला तो हवा, त्यानं स्वतः करायचा. बदललेल्या मॉडेलांचा छंद इथून जन्मला.

करतात कसं

ट्रिपल-डीचंच उदाहरण घ्या. कारखान्यात निघालेले दोन सारखे छोटे फोर्डसन घ्यायचे. खालचे रिव्हेट ड्रिलनं कापून बॉडी सुटी करायची. रंग काढायच्या द्रावणात धातूचे भाग टाकून जुना रंग उतरवायचा, प्लॅस्टिकचे भाग मात्र त्यात टाकायचे नाहीत, विरघळतात. हेक्सॉ ब्लेडनं पुढचे एक्सल कापायचे, कानशीनं साफ करायचं. मधला सांधा पितळेच्या पट्टीतून करायचा. हायड्रॉलिकचे पाइप बारीक सोल्डर वायरचे, कारण ती हवी तशी वळते. पत्र्याच्या जागी पातळ प्लॅस्टिक शीट. फटीत पुट्टी, मग घासकाम, प्रायमर आणि फोर्डसनचा निळा रंग, चाकांना नारिंगी.

एकच भाग चार वेळा लागत असेल तर एक नग नीट करून त्याचा सिलिकॉन रबराचा साचा घेतात आणि त्यात रेझिन ओततात. आता थ्री-डी प्रिंटरवर सुटे भाग निघायला लागलेत. ओतकामाची जागा संगणकानं घेतली, पण माप घ्यायला अजून माणूसच लागतो.

धोकेही आहेत. जुनी खेळणी शिशाची असतात, त्यांची धूळ पोटात जाणं वाईट. दुसरं असं, जुन्या जस्ताच्या ओतकामात शिशासारखी भेसळ राहून गेली असेल तर कित्येक वर्षांनी धातू फुगतो, तडकतो, हातात भुगा होतो. त्याला उपाय नाही, तो भाग नवा करावा लागतो.

जाणकार माणूस मॉडेल हातात घेतल्यावर आधी चाकं बघतो. मागच्या टायरची नक्षी योग्य दिशेला आहे का, हे पहिलं. मग दोन चाकांमधलं अंतर. यात शेतीशास्त्र लपलंय. अमेरिकेत मक्याच्या ओळी पूर्वी साधारण ४० इंचांवर असायच्या, कारण मधून घोडा चालला पाहिजे. घोडा गेला, तणनाशकं आली, आणि ओळी ३० इंचांवर आल्या. मागची चाकं दोन ओळींच्या बाहेरून चालवायची तर ४० इंची पिकात चाकांचं अंतर ८० इंच लागतं, ३० इंची पिकात ६० इंच. एकास सोळा मापात ते होतं पाच इंच आणि पावणेचार इंच. म्हणजे कपाटातल्या छोट्या ट्रॅक्टरला पट्टी लावून सांगता येतं, हा घोड्याच्या मापाच्या शेतातला की त्याच्या नंतरचा.

तसंच चालकाच्या मागच्या लोखंडी चौकटीचं. ट्रॅक्टर उलटला तर माणूस चिरडू नये म्हणून जॉन डीअरनं १९६६ मध्ये ही चौकट बाजारात आणली आणि तिचं पेटंट इतर कंपन्यांनाही वापरायला दिलं. १९५० चा ट्रॅक्टर, पण मॉडेलवर चौकट बसवलेली, असं दिसलं तर समजायचं की त्या घरी कुणीतरी शहाणपणानं ती मागाहून बसवून घेतली होती. कंपनीच्या कॅटलॉगात हे सापडणार नाही.

ट्रॅक्टर गेले, मॉडेल वाढले

अर्टलच्या डायर्सव्हिल गावात १९७८ पासून शेतीच्या खेळण्यांचं राष्ट्रीय प्रदर्शन भरायला लागलं. १९८६ मध्ये तिथंच राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. ही दोन वर्षं नुसती पाठ करू नका, मधल्या आठ वर्षांत काय झालं ते बघा.

१९७० च्या दशकात अमेरिकन धान्याला परदेशात मागणी होती. जमिनीचे भाव चढले, शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमीन आणि मोठे ट्रॅक्टर घेतले. मग व्याजदर प्रचंड वाढले. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकन सरकारनं सोव्हिएत रशियाला जाणाऱ्या धान्यावर बंदी घातली. भाव पडले, जमिनीची किंमत पडली, कर्ज तेवढंच राहिलं. गावोगाव लिलाव झाले. अंगणात ट्रॅक्टर ओळीनं उभे करायचे आणि शेजाऱ्यांनी बोली लावायची.

नुसते शेतकरीच बुडाले असं नाही. इंटरनॅशनल हार्वेस्टरसारखी जुनी कंपनी कोलमडली. १९८४ च्या अखेरीस तिचा शेती विभाग केस कंपनीच्या मालकांना विकायचं ठरलं. १४ मे १९८५ ला रॉक आयलंडच्या फार्मॉल कारखान्यातून शेवटचा ट्रॅक्टर बाहेर पडला आणि कारखान्याला कुलूप लागलं.

याच सुमारास छोट्या ट्रॅक्टरचा छंद वाढत होता. मला यात नवल वाटत नाही. खरा ट्रॅक्टर लिलावात गेला, जमीनही गेली, कंपनीसुद्धा गेली. मग माणसानं जपायचं काय? बापाच्या ट्रॅक्टरचं उजवं मडगार्ड कुठं वाकलं होतं, सीटवर कसलं पोतं टाकलेलं असायचं, हे त्याला पाठ असतं. तेवढं तो टेबलावर बसून परत करू शकतो. १९९० च्या दशकात कारखान्यांनीही बारकाव्याची महाग मॉडेलं काढली, ट्रिपल-डी सुद्धा पुढं कारखान्यातून आला. पण वाकलेलं मडगार्ड कुठलाच कारखाना देत नाही.

आपला याच्याशी संबंध काय

संबंध आहे, आणि जवळचा आहे. आपल्या गावोगावी धावलेला बी-२७५ मुळात इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या इंग्लंडमधल्या डॉनकास्टर कारखान्यातला. १९६३ मध्ये महिंद्रानं त्या कंपनीबरोबर भागीदारी केली आणि तो आपल्याकडं बनायला लागला. मॅसी फर्ग्युसन मद्रासकडं टाफेनं बनवला, फोर्ड फरिदाबादला एस्कॉर्ट्सनं. म्हणजे तिकडच्या हौशी माणसाच्या कपाटातला लाल बी-२७५ आणि आपल्या चुलत्याचा बी-२७५ एकाच घराण्यातले.

पण पुढचा इतिहास आपला स्वतःचा आहे. चिखलणीसाठी लोखंडी केज व्हील केली ती गावच्या फिटरनं. द्राक्षबागेत मांडवाखालून जायला सायलेन्सर वळवून खाली घेतला, मडगार्ड आत घेतले. उसाची सरी तीन फुटांवरून साडेचार-पाच फुटांवर गेली तशी रिम उलटी करून चाकांचं अंतर बदललं. अमेरिकेत ४० इंचांच्या ३० झाल्या, आपल्याकडं उसात उलट झालं, ओळ रुंद झाली. दोन्हीकडं शेती बदलली आणि तिची खूण चाकांच्या अंतरावर उमटली.

ही खूण आपल्याकडं कुठं नोंदली आहे? कंपनीच्या माहितीपत्रकात नाही, आरसी बुकात नाही. ट्रॅक्टर भंगारात गेला की सगळं गेलं. ज्या मिस्त्रीनं ते केलं त्यानंही कागदावर काही ठेवलेलं नसतं. मग उद्या कुणी लिहील की महाराष्ट्रात यांत्रिकीकरण कंपन्यांनी केलं. अर्धंच खरं. उरलेलं अर्धं वेल्डिंगच्या दुकानात झालं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. छोटे ट्रॅक्टर बनवायचा नाद सगळ्यांना लागेल असं नाही, लागलाच तर चांगलंच आहे. पण जुना ट्रॅक्टर विकायच्या किंवा भंगारात द्यायच्या आधी अर्धा तास काढा आणि एवढं करा.

१. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी सरळ उभं राहून चार फोटो. ट्रॅक्टरला टेकवून एक मीटरची पट्टी ठेवा, म्हणजे फोटोवरून माप काढता येतं.

२. पुढच्या आणि मागच्या चाकांचं मध्यापासून मध्यापर्यंत अंतर. टायरवर छापलेला नंबर.

३. पुढच्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंत अंतर, आणि बोनेटची जमिनीपासून उंची.

४. कंपनीचा नसलेला प्रत्येक भाग. कुणी बसवला, साधारण कुठल्या साली, कशासाठी. मिस्त्रीचं नाव वहीत लिहून ठेवा.

५. त्या काळी कुठलं पीक होतं, ओळीचं अंतर किती होतं, कुठली अवजारं लावायचे.

वहीचं एक पान पुरतं. त्या पानावरून उद्या तुमचा नातू एकास सोळा मापात तुमचा ट्रॅक्टर उभा करू शकेल. त्यानं नाही केला तरी कृषी विद्यापीठाच्या एखाद्या पोराला अभ्यासाला उपयोग होईल. ज्यांच्याकडं जुना बदललेला ट्रॅक्टर अजून उभा आहे, त्यांनी मापासकट फोटो पाठवा. आपण ते इथं एकेक करून लावत जाऊ.